थोरांची ओळख : खेळण्यांचा सुतार ओले किर्क

मित्रांनो, आणि भिंतीपाशी थांबून हे वाचणाऱ्या पालकांनो,

या जागी आपण राजांची, संतांची, शास्त्रज्ञांची चरित्रं वाचतो. आज एका सुताराचं चरित्र वाचू या. त्यांनी लढाई जिंकली नाही की ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी मुलांसाठी खेळणी केली, एवढंच. पण गंमत अशी की, त्यांनी सुरू केलेल्या कारखान्यातली खेळणी आज मुलांच्या बरोबरीने मोठी माणसंही विकत घेतात. नोकरी-धंदा करणारी, डोक्यावरचे केस पिकलेली माणसं रात्र रात्र जागून ती जोडतात आणि कपाटात जपून ठेवतात. 2017 साली या कारखान्याने सिनेमातल्या एका अंतराळयानाचा संच काढला. त्यात 7,541 तुकडे होते आणि किंमत होती सुमारे 800 डॉलर. त्या वेळच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या वर! तरीही लोकांनी तो रांगा लावून घेतला.

एवढं काय आहे त्या खेळण्यात? हे समजायला त्या सुताराची गोष्ट ऐकायला हवी. त्यांचं नाव ओले किर्क क्रिस्टियानसेन. खेळण्याचं नाव लेगो.

बालपण

युरोप खंडात डेन्मार्क नावाचा छोटासा देश आहे. त्याच्या जटलंड या भागात 7 एप्रिल 1891 रोजी ओले किर्क यांचा जन्म झाला. घरची गरिबी. खाणारी तोंडं पुष्कळ. ओले हे दहावं अपत्य. जमीन माळरानाची, वारा बोचरा. पोराला अक्षर ओळख होते न होते तोच मेंढरं राखायला जावं लागलं. माळावर मेंढ्यांमागे हिंडताना हातात चाकू आणि लाकडाचा तुकडा असला की पोराचा वेळ कसा जातो, ते आपल्याकडच्या गुराख्यांना सांगायला नको.

चौदाव्या वर्षी थोरल्या भावाच्या हाताखाली त्यांनी सुतारकाम शिकायला सुरुवात केली. करवत, रंधा, पटाशी ही त्यांची पाटी-पेन्सिल झाली. काम शिकल्यावर पोटासाठी परदेशी गेले. जर्मनीत राबले, नॉर्वेत राबले. नॉर्वेतच त्यांना हान्सिना भेटल्या. 1916 साली दोघांचं लग्न झालं. त्याच साली जवळ साठलेल्या पैशात ओले किर्क यांनी बिलुंड नावाच्या खेड्यातला एक सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. बिलुंड म्हणजे चार घरं, एक रेल्वेचं स्टेशन आणि बाकी सगळा माळ. पण दारं, खिडक्या, कपाटं आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची घरं बांधायचं काम मिळू लागलं. घरात चार मुलगे झाले. संसार रांगेला लागला.

आग, आणि आणखी एक संकट

1924 साली काय झालं, बघा. ओले किर्क यांची दोन लहान मुलं कारखान्यात खेळत होती. खेळता खेळता त्यांनी विस्तव पेटवला. लाकडाच्या ढलप्यांचा ढीग शेजारीच होता. बघता बघता कारखाना पेटला, लागून असलेलं राहतं घरही पेटलं. सगळ्याची राख झाली. माणसं तेवढी वाचली.

दुसरा एखादा असता तर त्याने पोरांना जन्मभर बोल लावला असता. ओले किर्क यांनी पुन्हा बांधायला काढलं, आणि पहिल्यापेक्षा मोठं बांधलं. दारापाशी दोन सिंह बसवलेलं ते घर बिलुंड गावात आजही उभं आहे. आग लावणाऱ्या त्या दोन पोरांपैकी धाकटा, गॉटफ्रेड, याला विसरू नका. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मग आली जगभराची मंदी. 1929 साली अमेरिकेत बाजार कोसळला आणि त्याची झळ डेन्मार्कच्या शेतकऱ्याला लागली. धान्याला, दुधाला, डुकराला भाव मिळेना. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही तर सुताराला काम कुठून मिळणार? कामगार कमी करावे लागले. 1932 साली तर घराचा आधारच गेला. पत्नी हान्सिना वारल्या. पदरात चार मुलं, डोक्यावर कर्ज.

हाताला काम हवं म्हणून ओले किर्क घरगुती वस्तू करू लागले. शिड्या, स्टुलं, इस्त्रीच्या फळ्या. उरलेल्या लाकडातून लहान लहान खेळणी. मोटारी, प्राणी, आगगाड्या. वस्तूंपेक्षा त्यांचा जीव खेळण्यांतच अधिक रमू लागला. कर्जासाठी ते भावंडांकडे गेले. भावंडांनी मदत केली, पण चार शब्दही ऐकवले. बाप्या माणसाने खेळणी काय करायची, याहून उपयोगाचं काही सुचत नाही का, असा त्यांचा सूर होता.

हा सूर लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचा खेळण्यांशी काय संबंध, हा प्रश्न ओले किर्क यांच्या घरातच पहिल्यांदा विचारला गेला. त्यांनी तोंडाने उत्तर दिलं नाही. ते खेळणी करत राहिले. गावोगाव विकायला नेली की कुणी पैसे देई, कुणी पैशांच्या बदल्यात खाण्याचा जिन्नस देई. तेही त्यांनी घेतलं.

एकदा देशभर यो-योचं वेड आलं. दोरीवर खालीवर फिरणारी ती लाकडी चकती हो! ओले किर्क यांनी ढिगाने केल्या. आणि वेड आलं तसं ओसरलं. माल पडून राहिला. त्यांनी काय करावं? एकेका यो-योचे दोन भाग केले आणि ते खेळण्यातल्या गाड्यांना चाकं म्हणून लावले. टाकाऊ म्हणून काही टाकायचं नाही, हा सुताराचा जुना धर्म.

नाव आणि वार्निश

1934 साली त्यांनी दुसरं लग्न केलं. सोफी त्यांचं नाव. त्याच साली त्यांना कारखान्याला नाव द्यावंसं वाटलं. कामगारांत स्पर्धा लावली. बक्षीस होतं घरी केलेल्या द्राक्षासवाची एक बाटली. शेवटी त्यांना स्वतःचंच नाव पसंत पडलं. डॅनिश भाषेत लेग गॉट म्हणजे छान खेळा. त्यातली आधीची अक्षरं जोडून झालं लेगो. लॅटिन या जुन्या भाषेत लेगो याचा अर्थ मी गोळा करतो, असाही होतो. हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पण आज जी माणसं हे संच गोळा करतात त्यांच्यासाठी जणू नाव आधीच ठरून गेलं होतं.

आता ती बदकांची गोष्ट. 1935 साली त्यांनी चाकांवर चालणारं लाकडी बदक केलं. दोरीने ओढलं की चोच उघडते-मिटते. ते फार खपलं. गॉटफ्रेड बारा वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या हाताखाली काम करत होता. एके दिवशी तो मोठ्या खुशीत घरी आला. बदकांची खेप खोक्यांत भरून स्टेशनवर पोचवली होती. नेहमी वार्निशचे तीन हात द्यायचे. याने दोनच दिले होते आणि कारखान्याचे पैसे वाचवले होते. वडील शाबासकी देतील असं त्याला वाटलं.

वडिलांनी त्याला आल्या पावली स्टेशनवर परत पाठवलं. खोकी परत आणायची, उघडायची, प्रत्येक बदकाला तिसरा हात द्यायचा आणि पुन्हा पोचवायची. तेही एकट्याने, मग रात्र झाली तरी चालेल. गॉटफ्रेडने तसं केलं. पुढे त्याने वडिलांची शिकवण लाकडावर कोरून कारखान्यात टांगली. तिचा भावार्थ असा की, चांगल्यातलं चांगलं केलं तरी ते जास्त झालं असं कधी होत नाही.

गिऱ्हाइकाला तिसरा हात दिसला नसता. पोराला तर नक्कीच कळलं नसतं. पण ओले किर्क यांना कळलं असतं.

लाकडाकडून प्लॅस्टिककडे

दुसरं महायुद्ध सुरू होतं. 1940 पासून डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. अशात 1942 साली कारखान्याला पुन्हा आग लागली. नमुने, नकाशे, माल, सगळं गेलं. ओले किर्क आता पन्नाशीचे होते. क्षणभर त्यांनाही वाटलं असेल, पुरे झालं. पण हाताखालची माणसं होती, त्यांचे संसार होते. त्यांनी पुन्हा भिंती उभ्या केल्या.

युद्ध संपलं. 1946 साली त्यांनी इंग्लंडमधलं एक यंत्र पसंत केलं. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून भरायचं ते यंत्र. किंमत 30 हजार क्रोनर. छोट्या कारखान्याला न झेपणारा खर्च. घरच्यांना काळजी वाटली. पण यंत्र 1947 च्या अखेरीस बिलुंडला येऊन पोचलं.

यंत्राबरोबर एका इंग्रजी खेळण्याचा नमुनाही पाहायला मिळाला. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज या गृहस्थाने एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे तयार केले होते. ओले किर्क आणि गॉटफ्रेड यांनी तो ठोकळा बघितला, मापात थोडे फेरफार केले आणि 1949 साली स्वतःचे ठोकळे बाजारात आणले. म्हणजे मूळ कल्पना पेज यांची, हे खरं ते सांगितलंच पाहिजे. पेज 1957 साली वारले. पुढे 1981 साली लेगो कंपनीने पेज यांच्या खेळण्यांचे हक्क विकत घेतले.

सुरुवातीला हे ठोकळे फारसे खपले नाहीत. दुकानदार माल परत पाठवत. खेळण्यांच्या व्यापाऱ्यांच्या एका मासिकाने तर लिहिलं की प्लॅस्टिकला लाकडाची सर कधी यायची नाही. आणि दोषही होता. ठोकळे आतून पोकळ होते. वरच्या गुंड्या खालच्या पोकळीत बसत, पण पकड सैल. पोरांनी बांधलेलं घर उचललं की ढासळायचं.

1950 नंतर कारभार हळूहळू गॉटफ्रेडकडे गेला. त्याने एक गोष्ट हेरली. बाजारात खेळणी खूप आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. असं खेळणं हवं की आज घेतलेलं कालच्याशी जुळेल, उद्याचं आजच्याशी जुळेल. 1955 साली त्याने ठोकळ्यांपासून रस्ते, घरं, झाडं असं सगळं गाव उभं करण्याचे संच काढले. आणि 28 जानेवारी 1958 रोजी पकडीचं कोडं सोडवून पेटंटसाठी अर्ज केला. उपाय सोपा होता. ठोकळ्याच्या पोकळीत नळ्या बसवल्या. आठ गुंड्यांच्या ठोकळ्यात तीन नळ्या. वरची गुंडी नळी आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट बसते. जोडायला सोपं, सोडवायला सोपं, आपोआप सुटत मात्र नाही.

त्यानंतर सहा आठवडेच गेले. 11 मार्च 1958 रोजी ओले किर्क यांचं हृदयविकाराने निधन झालं. वय 66. आपल्या ठोकळ्याने जग जिंकलेलं त्यांनी पाहिलं नाही. 1960 साली लाकडी खेळण्यांच्या कोठाराला आग लागली आणि त्यानंतर कारखान्याने लाकडी खेळणी करणं बंदच केलं. 1963 साली ठोकळ्यांसाठी अधिक टिकाऊ प्लॅस्टिक आलं. 1968 साली त्या माळावरच्या बिलुंडमध्ये ठोकळ्यांची आख्खी नगरी उभी राहिली आणि देशोदेशीचे लोक ती बघायला येऊ लागले.

मोठी माणसं का जमवतात?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. 1958 साली पेटंट घेतलेल्या त्या ठोकळ्यावर आज साच्यातून निघालेला ठोकळा बसतो. बाप खेळला त्यावर मुलगा बांधतो, त्यावर नातू बांधतो. माप केसभरही हलून चालत नाही. वार्निशचा तिसरा हात कुठे गेला म्हणाल, तर तो या मापात गेला.

दुसरं म्हणजे, हे खेळणं संपत नाही. आठ गुंड्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या. ते 24 तऱ्हांनी जोडता येतात. तीन घ्या, 1,060 तऱ्हा. आणि सहा घ्या. गणितज्ञांनी मोजलेला आकडा आहे 91 कोटी 51 लाख 3 हजार 765!

पुष्कळ लोक लहानपणी हे खेळतात, शिंगं फुटली की सोडतात आणि तिशी-चाळिशीत पुन्हा धरतात. मधल्या खेळ नसलेल्या वर्षांना ते गमतीने आपलं अंधारयुग म्हणतात. दिवसभर कचेरीत कागद हलवलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या हाताने काहीतरी पुरं झालेलं बघायचं असतं. कंपनीनेही हे ओळखलं. 2008 साली तिने आपल्या आग्र्याच्या ताजमहालाचा संच काढला, 5,922 तुकड्यांचा. 2021 साली टायटॅनिक जहाजाचा, 9,090 तुकड्यांचा. 2020 पासून तर अशा खोक्यांवर अठरा वर्षांपुढील असं स्पष्ट छापलेलं असतं. पोरांनो, तुम्हाला अजून थांबावं लागणार!

पण या छंदाला दुसरी बाजूही आहे. एखादा संच काही वर्षं विकला की कंपनी तो बंद करते. मग ज्याच्याकडे न उघडलेलं खोकं असेल त्याला चढा भाव मिळतो. रशियातल्या अभ्यासकांनी 1987 ते 2015 या काळातले दोन हजारांहून अधिक संच तपासले. बंद झालेल्या संचांचा भाव सरासरीने वर्षाला सुमारे 11 टक्क्यांनी वाढत गेला, असं त्यांना दिसलं. हे कळल्यावर काही लोक खोकी नुसती साठवू लागले. खेळायचं नाही, उघडायचं नाही, सोन्यासारखं ठेवून द्यायचं.

ताजमहालाचं काय झालं बघा. संच बंद झाल्यावर त्याचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाला. साठवणारे खूश. आणि 2017 साली कंपनीने जवळजवळ तोच संच, एक तुकडा जास्त घालून, पुन्हा बाजारात आणला. साठवलेल्या खोक्यांचे भाव धाडकन उतरले. त्याच अभ्यासात असेही संच होते की ज्यांची किंमत वाढण्याऐवजी निम्मी झाली. ज्यांनी ताजमहाल उघडून, महिनाभर बसून, घुमटामागून घुमट चढवत बांधला होता, त्यांचं मात्र काहीच गेलं नाही. त्यांचा ताजमहाल टेबलावर जसाच्या तसा उभा होता.

यातून प्रत्येकाने आपापलं समजून घ्यावं. छंदाला पैसा लागतो आणि तो घरखर्च भागवून उरलेला असावा, हे पालकांना आम्ही काय सांगणार! पण ओले किर्क यांनी कारखान्याच्या दारावर जे नाव लावलं ते छान साठवा असं नव्हतं. छान खेळा असं होतं. कर्ज असताना, घर जळलं असताना, भावंडं हसत असताना त्यांनी खेळणं हे पोरकट काम मानलं नाही. मोठ्या माणसाने जीव ओतून करावं असं ते काम आहे, असं त्यांनी मानलं. म्हणून तर मोठी माणसंही त्या खेळण्यापाशी परत येतात.

बिलुंड गावात 2017 साली लेगोचं एक मोठं घर उघडलं आहे. 2020 साली तिथे एक खास संच विकायला ठेवला. 621 ठोकळ्यांचा. तो जोडला की काय तयार होतं, ठाऊक आहे? चाकांवर चालणारं, दोरीने ओढलं की चोच हलवणारं ओले किर्क यांचं बदक.